मंजळ पत्रिकै

कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे तंजावरच्या शहाजी भोसल्यांनी १६९३ साली विद्वानांना दिलेलं गाव. दुसरं नाव शहाजीराजपुरम. तिथे एक आजोबा संतापून म्हणाले, "मंजळ पत्रिकै!" मला वाटलं, हळद लावलेली लग्नपत्रिका. निघालं बदनामी विकणारं वर्तमानपत्र.

'पत्र' म्हणजे मुळात पंख, मग झाडाचं पान. पानावर लिहू लागले तेव्हा लिहिलेलं तेही पत्र झालं. मराठीत 'पत्रिका' लग्नाची नि जन्माची. तमिळमध्ये लग्नाची आहेच, शिवाय रोजच्या बातम्यांचीही. 'मंजळ' म्हणजे हळद किंवा पिवळा; हा पिवळा रंग मात्र न्यूयॉर्कचा. १८९०च्या दशकात पुलित्झर आणि हर्स्ट यांची पत्रं 'यलो किड' या चित्रपात्रावरून भांडली, त्याचा.

तमिळनाडूत अशा पत्रावरून रक्त सांडलंय. 'सिनेमा तूदु' या आपल्या पत्राचा परवाना गेल्यावरही पत्रकार लक्ष्मीकांतन 'हिंदू नेसन'मधून नटनट्यांची लफडी छापत राहिला. नोव्हेंबर १९४४मध्ये मद्रासला त्याचा खून झाला. त्या खुनाबद्दल त्यागराज भागवतर आणि एन. एस. कृष्णन या नटांना जन्मठेप झाली; १९४७मध्ये ते निर्दोष सुटले. ते लेखन मला किळसवाणंच वाटतं. तरीही परवाना काढून घेणं मला पटत नाही. १८८२मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध टिळक-आगरकरांनी बनावट पत्रांवर विसंबून लिहिलं, त्यांच्यावर खटला चालला, त्यांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांचा 'केसरी' मात्र चालू राहिला.

मराठीत आज 'पीत पत्रकारिता' म्हणतात, आणि नावडती बातमी देणाऱ्या कुणालाही ते चिकटवतात. कृपा करून तसं करू नका. बातमी खोटी असेल, तरच हा शब्द वापरा.