रानातली शाळा आणि कलकत्त्याचा किताब



'सरकारमान्य' हा शब्द आपण कुठं कुठं वाचतो? रास्त धान्याच्या दुकानावर, शाळेच्या पाटीवर. नागपूरला गेलात तर देशी दारूच्या दुकानावरही दिसेल. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून ती पाटी इकडं नाही. मान्यतेचा विषय मात्र आपल्या तालुक्यात चांगलाच गाजला. मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडीतून शिकवणारं 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' सुरू केलं. मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावानं किंवा घरानं शिकवलेलं शिक्षण खरं मानायचं की नाही, हा प्रश्न त्यातून पुन्हा वर आला. प्रश्न जुना आहे. तो एका कुटुंबाला दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि ते कुटुंबही रानातच राहत होतं.

अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे पंडित. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकायला होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाईमाणसाला संस्कृत येऊ शकतं, हे या तरुणानं तिथं पाहिलं आणि ते मनात धरून ठेवलं. पहिल्या बायकोला शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण घरच्यांनी तो चालू दिला नाही. ती वारल्यावर लक्ष्मीबाईंशी दुसरं लग्न झालं. नवरीचं वय नऊ वर्षं, नवरा चाळिशीच्या पुढचा. हे आज ऐकवत नाही, आणि झाकूनही ठेवू नये. त्या काळच्या सुधारकाचा एक पाय असा जुन्या वाटेवरच असायचा.

या वेळीही घरात विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबुवा बायकोला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात गेले. तुंगा नदी उगम पावते तो हा भाग. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. जवळच वाघ फिरत होता. ती पोर पासोडी गुंडाळून जमिनीवर थरथरत पडून राहिली आणि नवरा उजाडेपर्यंत पहारा करत बसला. जंगलात रात्र म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढं तिथं घर उभं राहिलं, विद्यार्थी येऊ लागले, आणि त्यांचं सगळं सांभाळत लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या.

याचा बोभाटा झालाच. अनंतशास्त्र्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढं उभं राहावं लागलं. आरोप काय, तर बायकोला शिकवतो. त्यांनी शास्त्रातले दाखले काढून दाखवले. स्त्रियांनी आणि शूद्रांनी पुराणं वाचायला हरकत नाही, एवढं सभेला पटलं आणि त्यांना जातीबाहेर टाकलं गेलं नाही. वेद मात्र वर्ज्यच राहिले. म्हणजे मान्यता मिळाली, पण अर्धी. आणि त्या सभेत बाजू मांडायला लक्ष्मीबाई नव्हत्या.

२३ एप्रिल १८५८ ला गंगामूळलाच रमाबाईंचा जन्म झाला. त्या काही महिन्यांच्या असताना पैसा संपला आणि कुटुंब यात्रेला निघालं. लेकराला वेताच्या टोपलीत घालून नेलं. तिथून पुढं घर नाही, गाव नाही. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर पोट भरायचं. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना शिकवलं ते आईनं, वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. पहाटे उठवायचं आणि तोंडानंच श्लोक पाठ करून घ्यायचे. दिवसभर चालणं, चूल, सगळ्यांचं करणं. शिकवायला वेळ उरे तो उजाडायच्या आधीचाच.

या शिक्षणाची दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतःच पुढं लिहिली आहे. पोट भरायची कोणतीही विद्या त्यांना शिकवली नव्हती, आणि जातीच्या अभिमानापायी मजुरी करता येत नव्हती. दुष्काळ पडला तेव्हा याची किंमत मोजावी लागली. १८७४ च्या सुमारास वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. घरी शिकवण्याचं कौतुक करताना ही उपासमार विसरून चालणार नाही.

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' हे किताब जाहीरपणे दिले. कुठल्याही शाळेचा दाखला नसलेली मुलगी! केशवचंद्र सेन यांनी तर तिच्या हाती वेदाचं पुस्तक ठेवलं. उडुपीनं जे दार बंद ठेवलं होतं, ते उघडलं. आई ते बघायला नव्हती.

किताबाचा उपयोग रमाबाईंनी काय केला? १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं नेमलेला हंटर आयोग पुण्याला आला. जोतिराव फुल्यांनीही त्याच आयोगाला निवेदन दिलं होतं. आयोगानं रमाबाईंची साक्ष घेतली. त्यांनी सांगितलं, मुलींना शिकवायला बाया हव्यात, त्यांना नीट तयार करा, पगार चांगला द्या. बायांना डॉक्टर होऊ द्या, कारण पुरुष डॉक्टरापुढं बाई दुखणं बोलत नाही. स्वतःची ओळख देताना त्या म्हणाल्या, स्त्रीशिक्षणापायी ज्यानं फार सोसलं, त्या माणसाची मी मुलगी आहे. सरकारी कागदात वडील आले.

आजचं बघा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. तोच कायदा म्हणतो, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा. ही दोन्ही कलमं एकाच गावात समोरासमोर आली की काय होतं, ते आपण बघितलं. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. अर्धी शाळा सुटलेल्या किती तरी जणींनी लग्नानंतर तोच भरला. पोरीला घरी अभ्यासाला कोणी बसवलं, हे त्या निकालात दिसत नाही.

रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक काढलं. ते त्यांनी अर्पण केलं लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला, आणि तिथं आईच्या शिकवण्याचा उल्लेख केला.