भाजण्याने होणारे मृत्यू व प्रतिबंध

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे दगावतात, आणि त्यांतील बहुतांश मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. मुंबईत गिरगावातील खोताची वाडी पाहणाऱ्याला लाकडी घरे आणि अरुंद बोळ दिसतात, आणि अशी घरे पाडणे हाच आगीवरचा उपाय वाटतो. लाकूड लवकर पेटते, बोळात बंब शिरत नाही, हे खरेच. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल्समध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, तो गच्चीवरच्या आधुनिक उपाहारगृहांत. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरले. म्हणून घराच्या वयापेक्षा बाहेर पडण्याची वाट महत्त्वाची. जिन्याखाली सिलिंडर, दुचाकी वा रद्दी न ठेवणे, जुनी वायरिंग बदलणे, गॅसचा वास येताच रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडणे आणि विजेच्या बटणाला हात न लावणे, हे कोणत्याही वाडीला परवडते.

भाजलेल्या जागी पाणी घातल्यास फोड येतात, ही समजूत घातक आहे. फोड उष्णतेच्या इजेने येतात; वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडल्यास ती इजा खोल जात नाही. टूथपेस्ट, हळद, बर्फ मात्र टाळावा. मोठ्या जखमांतून शरीरातील द्रव झपाट्याने जातो, पुढे जंतुसंसर्ग जिवावर बेततो; अशा वेळी दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण देते. मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत त्वचादान करता येते आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे.