तिरंगा आणि मराठवाडा मुक्ती (१९४८)

मराठवाड्यात तिरंगा सरकारी ध्वज झाला तो १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिन्यांनी, लष्करी कारवाईतून. तोवर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि कचेऱ्यांवर निजामाचा पिवळा आसफजाही झेंडा होता. तिरंगा हाती घेणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग येई. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढचे वर्ष गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढा चालवला. बाकी भारतात जो ध्वज राज्याचा झाला होता, तो इथे अजून बंडाचा होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १४ तारखेला मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्यांनी औरंगाबाद गाठले आणि दुपारी मुलकी अधिकाऱ्यांनी शहर स्वाधीन केले. जालन्यात मात्र कडवा प्रतिकार झाला. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांना शरण गेले. रणगाडे वापरलेल्या या मोहिमेला लोक आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

सैन्याने ध्वजाला सत्ता दिली. त्याची किंमत सत्याग्रहींनी आधीच मोजली होती. हा क्रम विसरता कामा नये. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांतून सुटलेल्यांना तिरंगा म्हणजे अभय वाटले. पण कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील बळींचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० असा दिला आणि तिचा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. त्या घरांना हाच ध्वज आपला वाटायला किती सोसावे लागले असेल, हे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ठळकपणे यायला हवे.

निजाम १९५० पासून भारतीय राज्यघटनेखाली राजप्रमुख राहिला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतात. मुख्य शासकीय ध्वजारोहण छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी, बहुधा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होते.