हुकूमनाम्याची राख होत नाही

आमच्या भीमाकाठच्या गावांत देण्याच्या तीन पायऱ्या होत्या. उसनं, खत आणि हुकूमनामा. उसनं तोंडावर चालायचं. बुडवलं तर भाऊबंद चावडीवर चार शब्द सुनवायचे. खत म्हणजे कागद आणि त्यावर अंगठा. ते थकलं की सावकार दारात यायचा. पण हुकूमनामा झाला की सावकारही यायचा बंद व्हायचा. त्याच्या जागी बेलिफ यायचा. म्हातारी माणसं म्हणायची, "खताला तोंड असतं, हुकूमनाम्याला नसतं." म्हणजे खतावर घासाघीस होते, रडता येतं, पुढच्या सुगीचा वायदा करता येतो. हुकूमनाम्यापुढे हे काही चालत नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला भर बाजारच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांत शिरले, ते धान्य लुटायला म्हणून शिरले असं शाळेच्या पुस्तकावरून वाटतं. मुख्य मागणी कागदांची होती. खतं द्या, वह्या द्या, हुकूमनामे द्या. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे मारहाण फारशी झाली नाही. कागदांची होळी करून लोक घरी गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं, शेकडो माणसं धरली गेली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्या होळीत एक फसगत होती. खत जाळलं तर पुरावा जातो. हुकूमनामा जाळला तर सावकाराकडची फक्त नक्कल जाते. अस्सल कोर्टाच्या दप्तरात तशीच राहते. आठ-पंधरा दिवसांत दुसरी नक्कल मिळते.

मुळात एवढे हुकूमनामे झाले कसे? १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर दावा बुडणार. कायदा केला होता कर्जदाराच्या भल्यासाठी. सावकाराने त्याचा उलटाच उपयोग केला. तिसरं वर्ष सरत आलं की कुळाला बोलवायचं, मुद्दल आणि थकलेलं व्याज एक करायचं आणि त्या नव्या आकड्याचं नवं खत लिहून घ्यायचं. नाही लिहिलं तर दावा. दावा लागला तरी कुणबी कोर्टात जात नसे. कोर्ट लांब, भाषा परकी, वकील महाग, आणि मनात एकच विचार, पैसे तर घेतलेत, मग सांगायचं काय? त्यामुळे बहुतेक दावे एकतर्फी सुटत. पुढे हुकूमनाम्यालाही तीन वर्षांचीच मुदत होती, पण मधे काही ना काही दरखास्त दिली की ती पुन्हा नव्याने सुरू होई. सावकार सगळी वसुली करतच नसे. हुकूमनामा जिवंत ठेवायचा आणि त्याच्या धाकावर कुळाला राबवून घ्यायचं, हे त्याला जास्त परवडे. शिवाय कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत होतं.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंग बंद झाला. जमीन रीतसर गहाण असल्याशिवाय तिचा लिलाव होईना. खतावरचा आकडा जसाच्या तसा न धरता मूळ किती घेतलं आणि किती फेडलं हे कोर्टाने तपासायचं ठरलं. हप्ते बांधून देता येऊ लागले.

कायदा चांगला होता, पण पतीचं गणित वेगळं असतं. वसुली अवघड झाली तसा सावकाराने हात आखडला. ज्यांनी दिलं त्यांनी गहाणखत न घेता सरळ खरेदीखत लिहून मागितलं. "पैसे दिलेस की जमीन परत लिहून देईन," हे फक्त तोंडी. अशी किती रानं कायमची गेली ते आमच्याकडच्या जुन्या बांधांना विचारावं. हुकूमनाम्याला वेसण घातली, तर गरज दुसऱ्या कागदात शिरली.

आमच्या घरात हुकूमनामा आला तो १९५२च्या दुष्काळानंतर. थोरल्या चुलत्यांनी तालुक्याच्या एका अडत्याकडून बैलासाठी सहाशे रुपये घेतले होते. दोन वर्षं पाऊस-पाणी बेताचं, पैसे थकले, दावा लागला. समन्स आलं तेव्हा चुलते म्हणाले, "घेतलंय तर द्यायचंच. कोर्टात जाऊन काय खोटं बोलू?" गेले नाहीत. एकतर्फी हुकूमनामा झाला.

पुढचे दोन हंगाम त्यांचा सगळा कांदा त्याच अडतीवर गेला. पट्टीतून पैसे वळते झाले. शेवटी अडत्याने पाठीवर हात ठेवला, "बाबा, मिटलं तुमचं." गडी खरा होता, पण कागद मिटला नव्हता. तो वारला आणि तिसरं वर्ष सरायच्या आत त्याच्या मुलाने दरखास्त लावली.

वकिलाने जे सांगितलं ते घरात कोणालाच पटेना. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर तसं कोर्टात नोंदवावं लागतं. घेणाऱ्याने नोंदवलं नाही तर देणाऱ्याने मुदतीत अर्ज करायचा. नोंद नसेल तर वसुली करणाऱ्या कोर्टाच्या लेखी ते पैसे दिलेलेच नसतात. चुलते एवढंच म्हणाले, "मंग कांदा काय हवेत गेला का?"

बेलिफाने वखारीतला कांदा जप्त केला. राहतं घर, बैल, औत यांना कायद्याने हात लावता येत नव्हता, पण जमिनीची टांगती तलवार होतीच. त्याहून वाईट होतं ते गावातलं. दुकानदार उधारीला कां-कूं करू लागला. सोसायटीत त्यांचा जामीन चालेना. आत्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हैस विकून पैसे दुसऱ्यांदा भरले, या खेपेला कोर्टात, पावती घेऊन.

आता दर तीन वर्षांची ती कसरत राहिली नाही. १९६३च्या मुदतीच्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्याला एकदम बारा वर्षांचं आयुष्य दिलं. ऐपत नाही एवढ्याच कारणाने कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केलं. कर्जदार वारला तर वारसांवर येणारी जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच.

पण कागदाची जातकुळी बदललेली नाही. सोसायटीला तर दिवाणी दावाही लावावा लागत नाही; निबंधकाच्या वसुली दाखल्यावर थकबाकी सारा वसूल करावा तशी वसूल होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. कर्ज फिटलं तरी बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घेतल्याशिवाय तो आपणहून उतरत नाही. पोरगं ट्रॅक्टरसाठी दुसऱ्या बँकेत गेलं की बापाचं फिटलेलं कर्ज तिथे आधी भेटतं. पूर्वी पाहुणे चौकशी करायचे, आता संगणक करतो.

म्हणून गावात कोणी म्हणालं की देणं फेडलं, तर दुसरा प्रश्न विचारावा, ते कुठे लिहिलंय? यात माणसावर अविश्वास नाही. अडत्याने शब्द मोडला नव्हता, तो फक्त वारला. चुलत्यांनी पुढे कोर्टाची ती पावती पत्र्याच्या डब्यात, जमिनीच्या कागदांच्याही वर ठेवली होती. कोणी हसलं तर म्हणायचे, "जमीन बापानं दिली. ही म्या दोनदा पैसे मोजून घेतलीया."