जुन्या शिक्षेचा पुरावा

1817-18 च्या युद्धानंतर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातले जबलपूर इंग्रजांकडे गेले. पुढे तिथूनच विल्यम स्लीमनने ठगांचा बंदोबस्त चालवला. ठगांच्या रुमालाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. त्यांच्या खटल्यांतल्या पुराव्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारची अडचण खरी होती. वाटसरू परमुलखात मारला जाई, प्रेत पुरलेले असे आणि फिर्याद द्यायला कोणी नसे. मग खून शाबीत व्हावा कसा? 1836 च्या तिसाव्या कायद्याने यावर तोड काढली. आरोपी कधीकाळी ठगांच्या टोळीत होता, एवढे शाबीत झाले की जन्मभर सक्तमजुरी. टोळीतले ते दिवस कायद्याच्या आधीचे असले तरी हरकत नव्हती. मुख्य पुरावा म्हणजे माफीच्या साक्षीदारांची जबानी. स्लीमनने त्यांच्याकडून ठग घराण्यांच्या वंशावळीही उतरवून घेतल्या. या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू-सतरंज्यांच्या कामाला लावले गेले. ‘याने काय केले?’ हा प्रश्न मागे पडून ‘हा कोण?’ हा प्रश्न पुढे आला.

1862 पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेने दुसरी वाट धरली. तिच्या कलम 75 प्रमाणे नाणी किंवा मालमत्तेविषयीच्या ठरावीक गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्या माणसाने तसाच गुन्हा पुन्हा केला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शके. पण ती जुनी शिक्षा रीतसर शाबीत करावी लागे. निकालाचा प्रमाणित उतारा, तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला किंवा कैदेचे वॉरंट हवे. शिवाय त्या कागदातला माणूस आणि पिंजऱ्यातला माणूस एकच आहे, याचा वेगळा पुरावा हवा. सत्र न्यायालयात तर नव्या गुन्ह्याचा दोष ठरेपर्यंत जुन्या शिक्षेचा उच्चारही करायचा नाही. ‘आधी चोरी केली होती, म्हणजे हीही यानेच केली असणार’ असे न्यायाधीशाच्या मनात येऊ नये, यासाठी ही काळजी.

माणूस तोच, हे ठरवणे अवघड होते. नाव बदलले, गाव बदलले की जुना कागद निरुपयोगी. म्हणून 1897 मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. तिथले वर्गीकरण अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीने उभे राहिले. ठशांचे पहिले मोठे काम खुनी शोधण्याचे नव्हते. जुना कैदी ओळखण्याचे होते.

मात्र जबलपूरची वाट बंद झाली नव्हती. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने आरोपीचे वाईट चारित्र्य हा सहसा त्याच्याविरुद्धचा पुरावा धरला नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. तिथे उतारा नको, ठसा नको, खटलाही नको. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार, आणि त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद नाही. ठगांच्या खटल्यात निदान टोळी तरी शाबीत करावी लागे; इथे जन्म पुरेसा होता. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या तारेच्या कुंपणाआड किती पिढ्या या एका गृहीतावर जगल्या.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; मुंबई राज्याचा 1959 चा. कागदावर हे कायदे जात पाहत नाहीत, झालेल्या शिक्षा मोजतात. तुरुंगांच्या नियमावल्यांत मात्र जुना वास राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि ‘सराईत’ हा शब्द राज्याच्या कायद्यात असेल त्याच अर्थाने वापरायचा, असे बजावले.

प्रमाणित उतारा आणि ओळखीचा पुरावा ही कारकुनी कटकट वाटते. पण या कटकटीमुळे माणसाच्या माथी त्याचाच भूतकाळ येतो. आज्याचा नाही, जातीचा नाही. उतारा मागणारा वकील कोर्टाचा वेळ खातो, असे ज्यांना वाटते, त्यांनी उतारा न मागणारा कायदा कोणाच्या वाट्याला आला होता, हे एकदा सोलापुरात विचारावे.