नारायणगावची विठाबाई : पाच पिढ्यांचा फड

तमाशा म्हटला की आपल्या घरांतून अजूनही नाक मुरडलं जातं. त्याला कारणही आहे. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ती आपल्याच समाजाच्या पवळाबाईला नाचवून मिळवलेली म्हणून, ही हकीकत आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून लहानपणीच ऐकली. आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात शिक्षणाचा, हक्कांचा विषय भरला. हे सगळं खरं. पण जी बाई त्या बोर्डावर उभी राहिली, तिचं काय? तिची हकीकत कुणी सांगायची?

म्हणून या अंकात आम्ही विठाबाईंविषयी लिहायचं ठरवलं.

पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. आपल्या गावच्या जत्रेला तमाशा ठरवायला गावोगावचे कारभारी इथे येतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि सुपारी पक्की होते. याच गावच्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे भाऊ आणि बापू या त्यांच्या मुलांनी तो नावारूपाला आणला. फडाचं नाव होतं 'भाऊ बापू मांग नारायणगावकर'. जातीचं नाव लपवायचा तो काळ, आणि इथे ते फडाच्या नावातच! लोकांनी ती जात गावकुसाबाहेर ठेवली, पण तिच्या ढोलकीला मात्र तिकीट काढून गर्दी केली. हा दुटप्पीपणा आम्हाला नेहमीच बोचत आला आहे.

भाऊंची लेक विठा. जन्म जुलै १९३५, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. शाळा बेताचीच झाली. गण, गवळण, बतावणी, वग हीच तिची शाळा, आणि तिथले मास्तर घरचेच. ढोलकीच्या फडात नाचणाऱ्या बाईला नुसते पाय हलवून भागत नाही. गाता आलं पाहिजे, सोंगाड्याच्या कोटीला तिथल्या तिथे उत्तर देता आलं पाहिजे, आणि वग सुरू झाला की रात्र सरेपर्यंत राणी नाहीतर गवळण होऊन उभं राहता आलं पाहिजे. विठाबाईंना हे सगळं येत होतं. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. फड चालवणं म्हणजे माणसांची पोटं सांभाळणं, तंबू-कनात, ट्रक, उचल घेऊन बसलेले कलावंत, आणि पाऊस आला की सारा हंगाम पाण्यात.

एक प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. कलेवरची निष्ठा म्हणतात. आम्हाला मात्र कौतुकाआधी प्रश्न पडतो, की त्या रात्री खेळ थांबवायची सोय तिला का नव्हती? आपल्या आया-बहिणींनीही शेताच्या बांधावर बाळंत होऊन संध्याकाळी भाकरी थापल्या आहेत. त्यांना कुणी निष्ठा म्हटलं नाही, गरज म्हटलं. विठाबाईंचीही ती गरजच होती, असं आमचं मत आहे.

१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पदकं मिळाली, घरची चणचण गेली नाही. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च चाहत्यांनी आणि दात्यांनी दिलेल्या पैशांतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं. नंतर राज्य शासनाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या नावाला हयातीत औषधपाण्याची ददात, त्याच नावाने आता लाखांचे धनादेश दिले जातात!

लेक मंगला बनसोडे यांनी आईचा वारसा घेतला, स्वतःचा फड काढला आणि गाजवला. त्यांचा मुलगा नितीनकुमार त्याच बोर्डावर उभा राहिला. नारायण, भाऊ, विठा, मंगला, नितीनकुमार अशी ही ओळ. मधली दोन नावं बायकांची आहेत, आणि फड त्यांनीच पुढे नेला.