मॉरिशसला रमची भट्टी बघायला जाताना

फरीदाबादहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील, पण शेवटपर्यंत ऐका. आज आपण रमच्या भट्ट्या बघायला एका दिवसाची सहल आखणार आहोत. पिणाऱ्यांनी आणि न पिणाऱ्यांनीही यावं, कारण बाटलीपेक्षा त्यातला ऊस आज महत्त्वाचा आहे.

आमच्या या दिल्लीच्या परिसरात रम म्हटलं की लोकांना गाझियाबादचं मोहननगर आणि १९५४ साली आलेली ओल्ड मंक आठवते. जगाला मात्र कॅरिबियन बेटं आठवतात. बार्बाडोसच्या माउंट गे भट्टीचा दस्तऐवज १७०३ सालचा आहे. तिथे पर्यटक सकाळी निघतात, दोन-तीन भट्ट्या बघतात, चव घेतात आणि संध्याकाळी परत येतात. अशी सहल मराठी माणसाला करायची असेल, तर मी आधी मॉरिशस सुचवेन. हे बेट कॅरिबियनमध्ये नाही, आपल्या हिंदी महासागरात आहे. पण कॅरिबियनच्या मळ्यांवर भारतीय मजूर नेण्याचा प्रयोग आधी इथे झाला, आणि त्या मजुरांत कोकणातली माणसं होती.

थोडा इतिहास सांगतो. मॉरिशसमध्ये ऊस आणला डचांनी, १६३९ साली, जावाहून. फ्रेंचांच्या काळात आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर मळे वाढले. १८१० साली बेट इंग्रजांनी घेतलं. १८२५ साली इथल्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली, आणि मग जिकडेतिकडे ऊस. साखर आली की मळी आली, आणि मळी आली की रम आली. मळी पाण्यात मिसळून आंबवायची, तापवायची, वाफ थंड करून गाळायची. ज्यांच्या गावाशेजारी साखर कारखाना आहे, त्यांना मळीचा तो वास वेगळा सांगायला नको.

१ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, सुमारे वीस लाख पौंड. गुलामांना काही नाही. उलट आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे 'शिकाऊ' म्हणून राबायची सक्ती झाली. मळेवाल्यांनी पुढची तजवीज आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचलं होतं. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. 'अ‍ॅग्रीमेंट'चं आपल्या लोकांच्या तोंडी झालं गिरमिट. १८३८ साली अशीच माणसं ब्रिटिश गयानाला गेली, १८४५ साली त्रिनिदाद आणि जमैकाला. ही तिन्ही नावं आज रमसाठी प्रसिद्ध आहेत.

मॉरिशसला एकूण साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून गेलेले त्यामानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. जमीन खोताची, डोक्यावर कर्ज, आणि आगाऊ पैसे देणारा माणूस दारात. पुढे १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, गिरण्या वाढल्या आणि कोकणी माणसाला पोटाची वाट मुंबईतच सापडू लागली.

आता सहल. बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर, त्यामुळे एक दिवस पुरतो. काळ निवडा ऑगस्ट-सप्टेंबरचा. तिकडे जूनपासून डिसेंबरपर्यंत ऊसतोडणी चालते, म्हणजे चरक आणि भट्ट्या चालू सापडतात. शिवाय याच दिवसांत गणेश चतुर्थी येते, आणि मॉरिशसमध्ये तिची सार्वजनिक सुट्टी असते! भट्टीसाठी सुट्टीचा दिवस आणि रविवार टाळा, आठवड्यातला मधला वार धरा आणि वेळा आधी विचारून घ्या. गाडी चालकासह ठरवा. चव घ्यायची असेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

सकाळी पहिला मुक्काम भट्टीचा नाही. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे, तिथे जा. १८४९ साली उभारलेला हा मजुरांचा डेपो, २००६ पासून जागतिक वारसा. तिथे दगडी पायऱ्या आहेत, सोळा. जहाजातून उतरलेला माणूस त्या चढून आत जायचा, नोंद व्हायची आणि तिथून मळ्यावर रवानगी. जवळच जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय आहे. दोन्ही बघा. एकाच उसाच्या या दोन पिढ्या आहेत.

तिथून उत्तरेला पाम्प्लमूसजवळ बो प्लाँ. हा जुना साखर कारखाना १९९९ साली बंद पडला, आता त्यात साखरेचं संग्रहालय आहे. चरक, कढया, धुराडं सगळं जागेवर आहे. शेवटी साखरेचे नमुने आणि रमची चवही देतात. इथे एक शब्द लक्षात ठेवा, 'सरदार'. मळ्यावरच्या टोळीचा प्रमुख तो सरदार, आणि अनेकदा तोच गावी परत येऊन नवी माणसं जमवायचा. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? मुकादम. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला नियम होता. १८७१ साली मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज निघाला, अदॉल्फ दे प्लेविट्झ या युरोपीय माणसाने त्यांना साथ दिली, आणि १८७२ साली शाही आयोग चौकशीला आला.

दुपारी पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघा. वाटेवर कास्काव्हेल लागतं, तिथे मराठी वस्ती आणि मंदिर आहे. थोडं आत, व्हाकोआजवळ आंरियेता. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ साली तिथे झाला असं मानतात. तिथले मराठी लोक आजही जाखडी नाचतात, आपल्या रत्नागिरीतली जाखडी. घरात बोलतात क्रिओल, पण आरती मराठीत म्हणतात.

मग डोंगरातलं शामारेल. इथली भट्टी २००८ साली सुरू झाली. ती मळीपासून नाही, थेट उसाच्या रसापासून रम गाळते. ऊस चरकात, रस टाकीत, यीस्ट घालून आंबवणं, मग तांब्याचं भांडं, मग ओकची पिंपं. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला अर्धं काम ओळखीचं वाटेल. मार्गदर्शक पिंपांबद्दल भरभरून बोलतात. तुम्ही एक प्रश्न जरूर विचारा: हा ऊस तोडतं कोण, आणि पूर्वी कोण तोडायचं?

शामारेलहून खाली उतरलात की ल मॉर्नचा डोंगर दिसतो. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत लपत. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आलेत असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली लोककथा आहे. २००८ साली, म्हणजे भट्टी सुरू झाली त्याच वर्षी, या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दिवस इथे संपवा.

एक दिवस जास्त असेल तर मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जा. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. अनेक घरांत पणजोबांचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं, म्हणून आपली ओळखीची आडनावं तिथे शोधून सापडत नाहीत.

मी ही सहल एवढ्या तपशिलात का आखली? कारण गिरमिट संपलं म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि मोकळे होतो. पण बीडकडून दर दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती आजही. त्यांच्या खाड्याचे पैसे कापले जातात, आजही. फरक खूप आहेत. ही माणसं हंगाम संपला की घरी परततात, त्यांना मताचा हक्क आहे, कायदा आहे. पण उचल, टोळी, मुकादम आणि खाडा ही साखळी ओळखीची आहे. दीडशे वर्षांनी कुणी पर्यटक आपल्या एखाद्या बंद कारखान्यातलं संग्रहालय बघायला आला, तर त्याला दाखवायला तोडणीवाल्यांची एखादी नोंदवही आपल्याकडे असेल का? मॉरिशसने ती जपली. आपल्या मुकादमाची वही हंगाम संपला की कुठे जाते, हे तुमच्या भागातल्या कारखान्यावर एकदा विचारून बघा.